चिखलाखालची पॅरिश

अमेरिकेत चेसापीकच्या उपसागरात एक इवलंसं बेट आहे. कधीकाळी इंग्लंडहून आलेल्या कोळ्यांनी तिथं एक पॅरिश, म्हणजे चर्चभोवतीचं गाव, वसवलं आणि मागं सोडलेल्या किनाऱ्याचंच नाव त्याला दिलं. समुद्राने ते गाव गिळलं. तिथून जवळच्या अ‍ॅशबर्न गावातली निवृत्त इंजिनिअर सुनेत्रा त्या पॅरिशचा इतिहास लिहीत होती. पण तिथं चर्च होतं हेच कोणी मानेना! बाळांना बाप्तिस्मा द्यायचं दगडी पात्र सापडलं, तरच लोकांची तोंडं बंद झाली असती. बेट तर वादळागणिक झिजत चाललेलं.

म्हणून ओहोटी गाठून ती आणि तिची मैत्रीण चारुता होडीतून निघाल्या. धुकं असं, की पाणी कुठं संपतं नि आभाळ कुठं सुरू होतं ते कळेना. लव्हाळ्यातून बगळा उठला, तोही आवाज न करता. सुनेत्राला वाटलं, आत्ता घंटा वाजेल आणि माणसं प्रार्थनेला निघतील.

चिखलात विटांचा उंबरा सापडला. त्याच्या पश्चिमेला दोघी सळया खुपसत राहिल्या. हाती काही लागेना.

"यार, टाइड टर्न होतेय. निघू या," चारुता म्हणाली.

सुनेत्राने कपाळावर हात मारला. "अगं, मी देवळासारखं दार पूर्वेला धरलं. यांचं दार पश्चिमेला असतं. आपण मघापासून चर्चच्या बाहेर शोधतोय."

उंबऱ्याच्या पूर्वेला, अगदी जवळच, सळई टणकन वाजली. दगड! दोघींनी तो सळईने उचकटून उभा केला. वाटोळा, खोलगट, कडेला कोरलेले मासे. सुनेत्राला रडूच फुटलं.

फोन होडीत होते. ते आणायला चारुता वळली आणि कमरेपर्यंत रुतली! पाणी चढलं. होडी तरंगली. सरकू लागली.

"सुनेत्रा, पाय निघत नाहीये!"

सुनेत्राने तोलून धरलेला दगड सोडला. तो कलंडला. चिखलात गडप! सळया आडव्या टाकून ती त्यांवर पालथी पडली, चारुताच्या काखेत हात घातले, ओढलं. पुन्हा ओढलं. पाय सुटला! दोघींनी धडपडत, पोहत होडी गाठली.

मागं बेट पाण्याखाली गेलं होतं.

"सॉरी गं," चारुता कुडकुडत म्हणाली. "फोटोसुद्धा नाही. आणि तो दगड आता परत मिळायचा नाही. आता कोण बिलीव्ह करणार?"

सुनेत्राने तिच्याकडे वळून विचारलं,

"तू पाहिलंस ना?"

"मासेसुद्धा पाहिले."

"मग झालं तर. आज या पॅरिशमध्ये दोन माणसं आहेत," असं म्हणून तिने वल्हं उचललं.