बाहेर कोणीही नाही

त्या दिवशी मी वेंगुर्ल्याला काजूगर आणायला गेले होते, बाकी काही नाही. तारकर्लीला आमच्या पाहुण्यांसाठी दोन खोल्या आहेत, आणि ऑक्टोबर लागला की जो तो पाहुणा निघताना काजू मागतो. मी तशी कॉम्प्युटरवाली. पुण्यातली नोकरी घरी बसून करते, त्यामुळे गावात माझ्याबद्दल दोन मतं आहेत. एक, गौरजा फार हुशार. दोन, गौरजा दिवसभर काही करत नाही. दुसरं मत आमच्या आईचं.

गावातल्या होड्यांसाठी मी एक सोय केली होती. समुद्रात जाताना होडीवाल्याने एका नंबरवर मेसेज टाकायचा, आल्यावर पुन्हा टाकायचा. कोण बाहेर आणि कोण किनाऱ्यावर, हे सगळ्यांना फोनवर दिसायचं. हे चालायचं दूर कुठेतरी भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर, आणि त्याची निगराणी करायला तिथे कोड लिहिणारा एक एआय बसवला होता. मी फोनवरच्या चॅटमध्ये सांगायचे, हे दुरुस्त कर, ते बदल, की तो निमूट करायचा. मी त्याला गडी म्हणायचे. सांगितलेलं ऐकणारा आणि उलट न बोलणारा असा आमच्या घरात दुसरा कोणी नव्हता.

दुपार कलली तशी हवा बिघडली. वेंगुर्ल्याच्या बंदरावर वारा एकाएकी पडला आणि सुक्या मासळीचा वास नाकाशी साचून राहिला. फोनवर वादळाची सूचना आली. मी उभ्या उभ्याच गड्याला विचारलं, बाहेर कोण आहे?

“बाहेर कोणीही नाही. सगळ्या होड्या किनाऱ्यावर आहेत.”

मी निर्धास्त होऊन मालवणच्या एसटीत बसले. गाडी सुटते न सुटते तोच आईचा फोन आला.

“गो गौरजा, विनीत खंय गेलो? सकाळी गरीक गेलो तो जेवंक येवंक नाय. फोन लागणा नाय.”

विनीत माझा थोरला भाऊ. गरी टाकून मासे धरायला तो एकटाच जायचा. मी आईला म्हटलं, “तो किनाऱ्यार आसा गो. बसलो आसतलो खंयतरी गजाली मारीत.”

तरी मन खाऊ लागलं म्हणून गड्याला विचारलं, विनीतची होडी परत कधी आली?

“सकाळीच. त्यांचा मेसेज आला होता: येतंय. त्यावरून परत आल्याची नोंद केली.”

म्हणजे दादा अजून बाहेरच होता. आमच्याकडे निघताना ‘जातो’ म्हणत नाहीत, अशुभ असतं ते. उंबरा ओलांडताना, होडी लोटताना मालवणी माणूस ‘येतंय’च म्हणणार. निघाला जायला आणि म्हणतो येतंय! हे गड्याला सांगून ठेवावं लागेल असं माझ्या डोक्यातच आलं नाही. बाकीचे होडीवाले शिस्तीत ‘बाहेर’ आणि ‘परत’ असं टाकायचे. दादाला शिस्तीचं वावडं. तो कधीच मेसेज टाकायचा नाही. आदल्या दिवशी मी त्याच्यावर करवादले, म्हणून त्याने आयुष्यात पहिल्यांदा टाकला.

मी अप्पांना, आमच्या वडिलांना, फोन केला. सगळं ऐकायच्या आत ते आमची दुसरी होडी लोटायला धावले होते. सोबत शेजारचा जितेंद्र. फोन चालूच होता, मागून आईचा आवाज येत होता. “जाव नकात हो… वाऱ्याचो काय भरवसो नाय…”

“माझो झील आसा तो. मी जातलंय,” अप्पा म्हणाले.

जातलंय. सरळ तोच शब्द.

तिनसांज झाली. एसटीच्या काचा बंद होत्या, आत डिझेलचा आणि ओल्या छत्र्यांचा वास. मला देवाचं नावसुद्धा आठवेना, इतकी भीती वाटत होती. तेवढ्यात गड्याची ओळ उमटली.

“जितेंद्र यांना संदेश पाठवला: विनीत इलो. परत फिरा.”

“हे तुला कोणी सांगितलं?”

“तुम्ही.”

मी चॅट वर सरकवलं. माझ्याच बाजूला, माझ्याच नावाखाली एक ओळ होती. मी ती लिहिली नव्हती.

“अप्पांका परत बोलव गो बाय. मी इलंय.”

मला ‘बाय’ फक्त दादा म्हणतो. मला रडूच फुटलं, आनंदाने फुटलं. लिहिलं, दादा, खंय आसस?

मग माझ्याच बाजूला, एकेक अक्षर…

“अप्पांच्या होडीक… धरून आसंय.”

मी जितेंद्रला फोन लावला. पलीकडे इंजिनाची नुसती घरघर.

“ताय… इंजिन फुल्ल आसा, पण होडी फुडे जाणा नाय. कोणीतरी मागसून धरल्यासारखी…”

“मागे बघ रे! दादा आसा थंय! हात दी तेका!”

“बघलंय… बॅटरी मारून बघलंय. कोण नाय गो. पाणीच आसा…”

फोन तुटला. नंतर जितेंद्रने सांगितलं, मेसेज वाचून त्यांनी होडीचं तोंड किनाऱ्याकडे वळवलं, तशी ती कोणी ढकलावी तशी सुटली. ते वाळूला लागले आणि मागे वादळ फुटलं. थोडा वेळ आणखी बाहेर असते तर दोघांपैकी एकही हाती लागला नसता.

दादा दुसऱ्या दिवशी देवबागच्या वाळूत सापडला. डॉक्टर म्हणाले, दुपारच्या आधीच संपलं होतं. त्याची नखं मुळापासून तुटली होती, आणि उरल्यासुरल्या नखांत निळा रंग भरला होता. दादाची होडी पांढरी. निळी अप्पांची.

दिवसकार्य झालं. पोटासाठी अप्पा पुन्हा समुद्रावर निघाले. समुद्र ताटातल्या पाण्यासारखा निवांत होता. कमरेएवढ्या पाण्यात होडी गेली, इंजिन ओरडू लागलं, मागे फेस उसळला. होडी तसूभरही हलली नाही. मिस्त्री बोलावला. त्याने इंजिन उघडलं, मिटलं, म्हणाला, काही बिघाड नाही. मी किनाऱ्यावर उभी होते, तेव्हा फोन वाजला.

“तुमच्या नावाने एक मेसेज आला आहे,” गड्याने लिहिलं होतं. “पण प्रश्न तुम्हालाच विचारलेला दिसतो.”

वर माझ्या बाजूला ती ओळ होती.

“सोडू काय गो बाय?”

तो अप्पांना अडवून धरतोय, की स्वतः आणखी खाली जाऊ नये म्हणून होडीला धरून आहे? नुसतं ‘सोड’ लिहायचं आहे. पण लिहिलं तर सुटणार कोण आणि बुडणार कोण, हे मला कोण सांगणार? गड्याला विचारलं, तर तो म्हणतो, उत्तराची वाट पाहत आहे.

अजून मी काही लिहिलेलं नाही. अप्पा हट्टाने रोज सकाळी होडी पाण्यात लोटतात. एकटेच बसतात, आणि होडी रोज आदल्या दिवसापेक्षा जरा खोल बसते.