इच्छांक चौदा

अकराव्या रविवारीही यंत्राने आभार मानले ते भरत चौगुलेचेच.

कल्लाप्पाच्या गल्ल्यावरचा दिवा हिरवा झाला, "चौगुले, धन्यवाद," असा मंजूळ आवाज आला, आणि मंदार साठ्येचं "नाही नाही, आज मी देणार" अर्ध्यावरच लटकलं. पाणी पिऊन भरतने बडीशेप तोंडात टाकली. पूर्वी अशा वेळी तो मंदारच्या पाठीत धपाटा घालायचा. आज तो नुसता उठला.

सांगलीच्या या खानावळीत दोघे तीस वर्षं दर रविवारी जेवत आले होते, आणि तीस वर्षं बिलावरून त्यांची झटापट होत आली होती. मंदार खिशातून प्लास्टिकचं कार्ड उपसायचा. भरत त्याचं मनगट पकडायचा, "मंद्या, सरक बाजूला, पाहुणा आहेस का तू?" म्हणायचा. कल्लाप्पा आपला जे कार्ड नाकाजवळ येईल ते घासून मोकळा व्हायचा. पुढे फोन आले, मग चेहरा दाखवला की पैसे जायला लागले, पण झटापट तीच राहिली. हातांऐवजी दोन म्हातारी तोंडं यंत्रापुढे घुसायची, इतकंच. कधी हा द्यायचा, कधी तो. आवाज मात्र नेहमी मंदारचाच मोठा असायचा.

मग मनोदेय नावाची पैसे देण्याची नवी पद्धत आली. कार्ड चोरता येतं, फोनवरचा आकडा गोड बोलून काढून घेता येतो, चेहऱ्याची नक्कल करता येते. पण देण्याची इच्छा कुणाला चोरता येईल? पैसे देण्यासाठी हात हलायच्या आधीच मेंदूत एक बारीकशी लहर उठते. मनापासून द्यायचं असेल तर ती जोरात उठते. कानामागे चिकटवलेली तांदळाएवढी चकती ती लहर मोजते आणि शंभरपैकी आकडा देते. तो इच्छांक. भाजी घेताना आपल्याला भाजी हवीच असते, त्यामुळे तिथे काही अडत नाही. गळ्याला सुरा लावून कुणी पैसे मागितले तर लहर उठतच नाही आणि चोर हात हलवत परत जातो. फसवणूक संपली, बँका खूश झाल्या, आणि दिवाळीपासून कार्डं आणि चेहरे दोन्ही बंद झाले. एका टेबलावर दोघे जेवले तर पैसे कुणाचे जाणार, याचाही नियम सोपा होता. ज्याचा इच्छांक जास्त, त्याचे.

जेवणाऱ्या प्रत्येकाला पावती मिळे आणि तिच्यावर फक्त स्वतःचा आकडा असे. मंदारच्या अकराही पावत्यांवर चौदा होता. त्या त्याने शर्टाच्या खिशात, निकामी झालेल्या जुन्या कार्डामागे, घडी करून ठेवल्या होत्या.

त्याची पुतणी ओवी पुण्याच्या प्रयोगशाळेत या चकतीवरच काम करायची. दोन दिवसांसाठी ती घरी आली, तेव्हा त्याने पावत्या तिच्यापुढे टाकल्या.

"तुमचं यंत्र बिघडलंय."

ओवीने आकडे पाहिले. "मंदारकाका, बिघडलं असतं तर आकडा वर-खाली झाला असता. हा अकरा वेळा एकच आलाय."

"अगं, मी ओरडून ओरडून सांगतो, मी देणार म्हणून. सगळी खानावळ ऐकते."

"तेच तर. खानावळीने ऐकावं, ही इच्छा वेगळी असते आणि द्यावं ही वेगळी. चकती दुसरी मोजते."

मंदारला कानशिलात बसल्यासारखं झालं. "म्हणजे मी तीस वर्षं खोटं बोललो? कितीतरी वेळा मी दिलेत पैसे. विचार कल्लाप्पाला."

"दिलेत ना. पण वाटत नसताना दिलेत."

"वाटत नव्हतं तरी दिलं, याला काहीच किंमत नाही? पोटात दुखायचं माझ्या कार्ड पुढे करताना. चिक्कू आहे मी, आईसुद्धा म्हणायची. पण भरत समोर असला की मन मारून द्यायचो. ते त्याच्यासाठीच होतं ना, ओवी?"

ओवीने पावत्या एकावर एक रचल्या. "कार्डाला हे कळत नव्हतं, म्हणून तुमचं चालून गेलं," ती म्हणाली. "आम्ही फक्त चोरांचा विचार केला होता, काका."

"आकडा वाढवता येतो का?"

"ठरवून नाही. पण हेही लक्षात घ्या, यंत्र फक्त तुलना करतं. तुमचा कमी आहे म्हणून नाही, भरतकाकांचा जास्त आहे म्हणून त्यांचे जातात."

मंदारने या शेवटच्या वाक्याकडे लक्ष दिलं नाही. त्याने आठवडाभर मनाची तालीम केली. सुजाता, त्याची बायको, शेवटच्या आजारात मिरजेच्या दवाखान्यात होती, तेव्हा भरतने दोन महिने रोज घरचा डबा पोचवला होता. उन्हातान्हात, दुकान बंद ठेवून. ते आठवून मंदारला खरोखर रडू आलं. त्या माणसासाठी आपल्याला एक थाळी जड व्हावी, याची त्याला स्वतःचीच किळस आली.

बाराव्या रविवारी तो लवकर जाऊन बसला. भरत उशिरा आला आणि नीट जेवलाही नाही. ताटं उचलली गेली. दिवा हिरवा झाला.

"साठ्ये, धन्यवाद."

मंदारने टेबलावर थाप मारली. "बघितलंस, भरत्या? बघितलंस?" कल्लाप्पाने पावती आणून दिली. ती मंदार अभिमानाने उलगडत होता, तेवढ्यात भरतने त्याचं मनगट धरलं.

"छे छे, मंद्या, असं कसं? आज मी देणार होतो," भरत म्हणाला. शेजारच्या टेबलावरच्या लोकांनी वळून पाहावं इतक्या मोठ्याने म्हणाला. पकड मात्र सैल होती.

मंदारने पावती पाहिली. चौदा.

तो आकडा तसूभरही वाढला नव्हता. म्हणजे भरतचा चौदाच्याही खाली उतरला होता, हे त्याला विचारावं लागलं नाही. अकरा आठवडे यंत्र भरतला एकच गोष्ट सांगत आलं होतं, की मंदारला मनापासून द्यायचं नाही, आणि बाराव्या आठवड्याला भरतने ती ऐकली होती.

"पुढच्या वेळी मात्र मीच हं," भरत त्याच मोठ्या आवाजात म्हणाला.

तो आवाज मंदारने लगेच ओळखला. तीस वर्षं तो त्याचा स्वतःचा होता. त्याने पावतीची घडी केली आणि जुन्या कार्डामागे सरकवली.

"बरं," तो म्हणाला. "पुढच्या वेळी तू."