बकुळाची पुसलेली ओळ

चंद्रावरच्या शाळेतली मेथी तिसऱ्यांदा पिवळी पडली होती, आणि तीही वाफ्याच्या खिडकीकडच्या एकाच कोपऱ्यात. पाणी तेच, खत तेच, दिवेही तेच. सोमवारपर्यंत कारण सापडलं नाही, तर वाफा शाळेकडून काढून घेणार होते.

वनस्पतिशास्त्र शिकवणारे हरिहर आजोबा चष्मा पुसत बसले होते.

"आजोबा, चष्मा पुसून मेथी हिरवी होत नाही," त्यांची नात इला म्हणाली. "वर्गाचं सामाईक पान बघू या."

सामाईक पान (एकच पान, जे सगळी मुलं आपापल्या पाटीवरून लिहितात आणि दुरुस्त करतात) आजोबांनीच सुरू केलं होतं. दोन डोळ्यांना जे दिसत नाही, ते बावीस मुलांना मिळून दिसेल, अशी त्यांची कल्पना. पण पानावर तापमानाची नोंद तेवढी होती. तीही वाफ्याच्या मधोमध रोवलेल्या तापमापकाची.

"आता पानाचा इतिहास," इला म्हणाली. इतिहासात (कोणी, कधी, काय लिहिलं नि काय पुसलं याची आपोआप राहणारी नोंद) दीड महिन्यापूर्वीची एक ओळ खोडलेली दिसली: 'खिडकीकडची माती हाताला गार लागते. – बकुळा.'

शेजारी शेरा होता: 'हा भास आहे. आकडा असेल तरच लिहा.'

शेरा आजोबांचा होता. गार मातीत मुळं अन्न नीट ओढून घेत नाहीत, हे त्यांनीच वर्षानुवर्षं शिकवलं होतं.

"त्यानंतर तिने काहीच लिहिलं नाही," इला हळूच म्हणाली. "मागच्या यानाने सांगलीला परतही गेली."

"वर्गात बोलायला बुजायची. निदान लिहील, म्हणून तर हे पान काढलं होतं."

"मग किती गार, असं खाली विचारायचंत ना."

"हो," आजोबा म्हणाले. "पुसायच्या जागी विचारायला हवं होतं."

त्यांनी तापमापक कोपऱ्यात रोवला. मधोमध वीस अंश होते, इथे चार. मग त्यांनी बकुळाची ओळ परत पानावर आणली आणि खाली लिहिलं, 'तू बरोबर होतीस. पुसणारा चुकला.' हे शब्द पृथ्वीवर पोचायला सव्वा सेकंद लागला. लिहायला आजोबांनी दीड महिना लावला होता.

दुपारी पानावर नवी ओळ उमटली: 'सर, खिडकीमुळे नसेल. त्या कोपऱ्याखालून पाण्याची नळी जाते, तिला हात लावून बघा. – बकुळा.'

इला नळीकडे धावली. आजोबा पाटीपाशीच बसून राहिले. मग जपून, एकेक अक्षर जुळवत त्यांनी लिहिलं, 'नळी तेव्हा किती गार लागायची?'