अष्टमीची सागरफेरी

"माझ्या एका तक्रारीनं त्या मुलीची नोकरी जाणार आहे," मालिनी लिमये म्हणाल्या. "पाच वाजेपर्यंत काहीतरी करा, राजश्रीताई."

रविवारचे दोन वाजले होते. रत्नागिरीत खासगी तपासाचं काम करणाऱ्या राजश्री भाट्ये यांनी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. शेजारचे श्यामकाका, निवृत्त पोस्टमास्तर, पलीकडच्या खुर्चीत होते. प्रत्येक तपासात ते बरोबर असत. कीर्तन असलं की मात्र नसत.

मालिनीबाई निवृत्त शिक्षिका. त्यांच्या भजनी मंडळाच्या वीस जणींनी खाडीतल्या सागरफेरीचं आजचं अकराचं तिकीट काढलं होतं. धक्क्यावर पोचल्या, तर खिडकीवरची दर्शना म्हणाली, "बाई, तुमची तारीख कालच बदलली. आता पुढचा रविवार."

"मी तर बदललीच नव्हती. रागाच्या भरात लेखी तक्रार देऊन बसले. मॅनेजर म्हणतो, हिनं तुमच्या जागा मुंबईच्या पाहुण्यांना दिल्या, संध्याकाळी पाचला काढून टाकतो. पण तीस वर्षं पोरं पाहिलीत मी. ती खोटं बोलत नाहीये."

"तारीख बदलायचा नियम काय?"

मालिनीबाईंनी पर्समधून झेरॉक्स काढून वाचली. "तिकीट रद्द केल्यास पैसे परत नाहीत. आदल्या संध्याकाळपर्यंत तारीख एकदाच, विनाशुल्क बदलता येईल. खिडकीवर तिकीट किंवा प्रत जमा करावी." मग म्हणाल्या, "वीस जणींचं एकच तिकीट. हरवायला नको म्हणून प्रत्येकीला झेरॉक्स दिली होती."

"बदलल्याचा मेसेज येतो ना?"

"नंबर सुनेचा आहे. बुकिंग तिनंच मुंबईहून केलं."

त्या सुनेला, उर्वीला, फोन लागला. "हो आई, काल आला मेसेज. मला वाटलं, तुम्हीच बदललीत."

"आज सगळ्या आल्या होत्या?" राजश्रीताईंनी विचारलं.

"कमळा सोडून. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय तिचं. महिनाभर म्हणत होती, मला वगळा. आम्ही म्हटलं, तू नाहीस तर फेरी नाही. धक्क्यावर तिचीच वाट बघत होतो, तेवढ्यात हा घोळ. तिचा निरोपही नव्हता, आणि आम्हीही फोन नाही केला. म्हटलं, पाय दुखत असेल, उगाच अपराध्यासारखं वाटेल तिला. अंजनवेलची हो ती, होडीत वाढलेली."

साडेतीनला तिघं धक्क्यावर पोचली.

मॅनेजर स्वरूप चिपळूणचा, बोलायला चटपटीत. "मॅडम, सरळ आहे. काल चारला हिच्या लॉगिनवरून तारीख बदलली. सव्वाचारला त्याच वीस जागा मुंबईच्या ग्रुपनं घेतल्या."

"खिडकीवर?"

"नाही, ऑनलाइन."

दर्शनाचे डोळे सुजले होते. "एक आजी आल्या होत्या, ताई. मागे एवढी रांग, चेहरा नीट नाही बघितला. मी म्हटलं, बुधवार घ्या, गर्दी नसते. तर म्हणाल्या, नको, पौर्णिमेचा रविवारच दे. मी म्हटलं, मेसेज जाईल. म्हणाल्या, मग झालं."

"आणि ह्या आजी हिच्याशिवाय कुणालाच दिसल्या नाहीत," स्वरूप म्हणाला.

"तू कुठली ग?"

"मंडणगडची. समुद्र इथं नोकरीला आल्यावरच पाहिला."

जमा झालेली झेरॉक्स तिनं कागद ओवायच्या तारेतून काढून दिली. मागं पेन्सिलीनं लिहिलं होतं : अष्टमी ६, पौर्णिमा १२.

"गोळ्यांचा हिशेब असेल," श्यामकाका म्हणाले. "कीर्तनाची वेळ म्हणावी, तर पौर्णिमेचं कीर्तन सहाला असतं."

"तुमची गाडी तिथंच जायची, काका."

धक्क्याखाली सदू तांडेल होडीतला चिखल धूत होता.

"अकराची फेरी कशी झाली?"

"कशी व्हायची, ताई? होडी राहिली लांब. माणसं गुडघाभर चिखलातून नेली. दोघींच्या चपला आतच राहिल्या. सायबांना सांगून दमलो, पण छापलेली वेळ काय बदलत नाय."

राजश्रीताईंनी झेरॉक्स उलटून मागचे आकडे पुन्हा वाचले. मग म्हणाल्या, "काका, रिक्षा करा आणि कमळाबाईंना घेऊन या. वाटेत काही विचारू नका."

पाचला दहा मिनिटं कमी असताना सगळी तिकीट-खिडकीपाशी जमली. काठी टेकत कमळाबाई रिक्षातून उतरत होत्या.

"आधी दर्शना," राजश्रीताई म्हणाल्या. "जागा मोकळ्या झाल्या आणि ऑनलाइन ज्याला दिसल्या त्यानं घेतल्या. हिच्या हातात काही आलं नाही. शिवाय ही झेरॉक्स फक्त त्या वीस जणींकडेच होती. म्हणजे आजी खऱ्या, आणि मंडळातल्याच."

"कोणत्या?" श्यामकाकांनी विचारलं.

"मागचे आकडे भरतीचे आहेत. अष्टमीला सहाची भरती, सकाळी आणि संध्याकाळी. मग अकराच्या सुमाराला खाडीत चिखलच उरणार. आज अष्टमी. पौर्णिमेला बाराची भरती, म्हणजे अकराला पाणी पायरीशी. तिथीवरून पाणी ओळखणारं माणूस मंडणगडच्या डोंगरात वाढत नाही. सदूला कळतं, पण त्याच्याकडे झेरॉक्स नव्हती. आता सांगा, वीस जणींतली कोण आज आली नाही, आणि येत नाही असा निरोपही दिला नाही? फेरीच नाही हे जिला ठाऊक, ती निरोप कशाला देईल?"

"ह्याच आजी," दर्शना हळूच म्हणाली.

कमळाबाईंनी झाला प्रकार ऐकला आणि आधी दर्शनाचा हात धरला. "तू म्हणालीस मेसेज जाईल. मला वाटलं, सगळ्यांना कळलं. तुला एवढं सोसावं लागलं होय ग?"

"मला सांगायचं होतंस," मालिनीबाई म्हणाल्या.

"सांगितलं असतं तर म्हणाली असतीस, चिखलातून उचलून नेऊ."

"नेलंच असतं."

"तेच नको होतं मला."

मालिनीबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी स्वरूपपुढे हात केला, आपला तक्रारीचा कागद परत घेतला आणि फाडून टाकला.

स्वरूप घसा खाकरून म्हणाला, "दर्शना, चुकलं माझं. उद्या नेहमीसारखी ये."

"येते, सर. पण रोजच्या भरतीची वेळ खिडकीवर लिहायची. सदूकाका सांगतील, मी लिहीन. आणि पाणी नसेल ती फेरी विकायची नाही."

स्वरूपनं सदूकडे पाहिलं, मग मान हलवली. "लिही."

पुढच्या रविवारी खिडकीवर खडूनं लिहिलेलं होतं : आज पौर्णिमा, भरती १२. पाणी वरून तिसऱ्या पायरीला लागलं होतं. श्यामकाकाही तिकीट काढून आले होते.

"सहाच्या आत परत आणशील ना रे सदू? कीर्तन आहे."

"पाणी उतरायच्या आत आणतो. तुमचा देव थांबंल, ओहोटी नाय थांबायची."

एकोणीस जणी होडीत बसल्या. कुणी हात पुढं केला नाही. तशी सक्त ताकीद होती. कमळाबाईंनी काठी दर्शनाकडे दिली, सदूच्या खांद्यावर क्षणभर बोटं टेकली आणि पायरीवरून होडीत पाऊल टाकलं.

चप्पल कोरडी होती.