सरूबाईंचा खुला कंठ

सरूबाई मल्लावांचा गळा त्यांना ओरडू देत नव्हता. त्या रागाने तोंड उघडत, पण शब्द बाहेर पडत ते बँकेतल्या सूचनेसारखे मवाळ.

आजारात स्वरयंत्र गमावलेल्या माणसांना आता कंठयंत्र बसवत, तसे सरूबाईंनाही बसवले होते. बोटाएवढ्या त्या यंत्रात एक छोटा संगणक असे, आणि संगणक म्हटला की त्याला चालवणारी प्रणाली आलीच.

"कंपनी सगळ्या जलाशयावर सौरपट्ट्या अंथरणार," सरूबाई डॉ. इरावती केळुसकरांना म्हणाल्या. "जाळं टाकायचं कुठं? सोमवारी सुनावणीत मी हे असं बोलले तर साहेब झोपी जातील."

"मावशी, या यंत्रातल्या प्रणालीचा गाभा खुला आहे. तो कुणीही वाचावा, बदलावा, वाटावा. त्याच्याभोवती ज्याने त्याने आपापली मांडणी केली. अशा एकेका मांडणीला वितरण म्हणतात. होडीचा सांगाडा एकच, पण कुणी मोटर बसवतो, कुणी शीड, कुणी कठडा. तुमच्या गळ्यात दवाखान्याचं 'सौम्य' वितरण आहे. त्याला कठडेच फार, आवाज चढूच देत नाही."

"मग बिनकठड्याचं घाला."

"'रानवारा' आहे. हौशी मंडळी मिळून सांभाळतात. पण त्यांचा एक नियम आहे. तुमचा कंठ जे शिकेल ते सामाईक कोठारात जायचं. तुमचा आवाजसुद्धा. तिथून तो कुणीही उचलावा."

"कंपनीनंसुद्धा?"

"हो. एकाला मनाई करायची म्हटली, की मनाई करणारा मालक आला."

सरूबाईंनी गळ्यावरून हात फिरवला. "इथं एक मालक बसलाय तेवढा पुरे. घाला."

सोमवारी त्या बोलल्या तेव्हा पंख्याखालचे साहेब ताठ बसले. कोळ्या-भोयांनी हात वर करून नकार दिला. काम थांबले. पुढे कुठल्या कुठल्या गावांतल्या मुक्या झालेल्या बाया त्या आवाजात भांडू लागल्याच्या बातम्या येत, आणि सरूबाई खूश होत.

मग एका सकाळी पाण्यावरून सरूबाईंच्याच आवाजात हाक आली, "गड्यांनो, माझं ऐका. जाळी गुंडाळा, भरपाई घ्या." कंपनीची लाँच कर्णा लावून फिरत होती. होड्या एकेक करून तिच्याकडे वळू लागल्या.

इरावती धावत काठावर आल्या. "यापुढे तुमचा कंठ शिकेल ते तरी कुलूपबंद करू, कोठारात जाऊ द्यायचं नाही. तुम्हाला 'सौम्य' परत घालते."

"आणि माझ्या आवाजात भांडणाऱ्या त्या बायांनी काय करायचं?"

"मावशी, लोकांना खरं कोण ते कळणार नाही."

"न कळू दे. मी गप्प बसले तर एकच आवाज उरेल, आणि तो कंपनीचा असेल."

गुडघाभर पाण्यात उतरून त्या ओरडल्या, "वळू नका रे."

होड्या मधोमध थांबल्या. वल्ही हातात धरून माणसे आधी लाँचकडे, मग काठाकडे बघत राहिली. दोन्हीकडून एकच बाई त्यांना बोलावत होती.