गुरुवारचा खळगा

तो पहिल्यांदा आत आला तेव्हा माझ्याकडे नाही, माझ्या यंत्राकडे बघत होता. खांद्यावर पाण्याचा जार, कपाळावर घाम.

"मॅडम, हे काय मोजतं?"

"दूरच्या ताऱ्यांकडून येणारे कण."

"एवढ्या लांबून? आणि येऊन करतात काय?"

असं मला कुणी विचारलंच नव्हतं...

मग दर गुरुवारी वीस जार यंत्रालगतच्या भिंतीशी लागायचे आणि पाणीवाल्याचे प्रश्न सुरू व्हायचे. मीही सांगत बसायचे. सूर्य अकरा वर्षांच्या फेऱ्यात कधी खवळतो, कधी निवतो. खवळला की त्याचा वारा या कणांना मागे रेटतो, इथे कमी पोचतात. तो वारा सूर्याच्या राज्याच्या वेशीवरल्या यानापर्यंत जायला मात्र वर्ष लागतं.

"म्हणजे इथला राग तिथे वर्षानं कळतो?"

"हो."

"बरंय की! तोवर इथे समेट झालेला असतो."

रोज सकाळी कणांच्या मोजणीचा आलेख बघायचा माझा नेम. वर्षभर त्यात दर गुरुवारी एक खळगा पडत होता. सूर्याची करणी असेल, तर यानाच्या आकड्यांत वर्षानं खूण दिसेल, म्हणून मी थांबले. यानाचे आकडे आले... खूण नाही. म्हणजे कारण याच खोलीत! शुक्रवारपर्यंत ते सापडलं नाही, तर साहेब माझं अख्खं वर्ष नोंदीतून काढणार होते.

गुरुवारी तो आला. त्या दिवशी पहिल्यांदाच मी त्याच्याऐवजी आकड्याकडे बघत होते. जार लागले, आकडा घसरला.

"पाणी!" मी उठलेच. "पाणी कण अडवतं. तुमचे जार!"

त्याचा चेहरा उतरला. "म्हणजे तुमचं वर्ष... माझ्यामुळे?"

"वर्ष वाचलं. तेवढाच वेळ वगळायचा. पण दम घेऊन जार पुन्हा उचलायला पाच मिनिटं पुरतात. खळगा चाळीस मिनिटांचा आहे."

तो झाकणाशी चाळा करत राहिला. "जार तिसऱ्या मजल्याचे आहेत, मॅडम. इथे टेकवायची गरजच नव्हती."

मी घाईनं वही ओढली, कारण लिहिलं.

"आता जार बाहेर?"

"हो."

"आणि मी?"

"माणसातही पुष्कळ पाणी असतं," मी मान वर न करता म्हटलं.

पावलं दारापर्यंत गेली... थांबली.

"पण तेवढी घट," मी म्हणाले, "मी रोज टिपून ठेवीन."

"रोज? जार तर गुरुवारीच असतात."

"जार गुरुवारीच येऊ देत."