मिठाची खूण

दुकानात येणारं गिऱ्हाईक हमखास गोंधळायचं. हायड्रोमीटर हवा असला की हायग्रोमीटर मागायचं आणि हायग्रोमीटर दुरुस्तीला आणलेला असला की तो बिनदिक्कत हायड्रोमीटर म्हणून टेबलावर ठेवायचं. भाऊजी मग चष्मा कपाळावर चढवून विचारायचे, "पाण्याचं की हवेचं, तेवढं सांगा." पाण्याचं असलं तर ते काम भाऊजींचं, हवेचं असलं तर वहिनींचं. या वाटणीवर दीर-भावजयीचं दुकान इतकी वर्षं बिनतक्रार चाललं होतं. भाऊजींचं ऐकून सगळं गिऱ्हाईकही त्यांना वहिनीच म्हणत असे.

भाऊजी ज्योतीवर काच फुगवत. पोटात शिशाचे छरे, वर बारीक दांडी, दांडीत रेघांचा कागद. जड पाण्यात ही नळी वर उचलली जाते, हलक्या पाण्यात खाली बसते. वहिनींचं काम केसाचं होतं. माणसाचा केस दमट हवेत लांबतो, कोरड्या हवेत आखडतो. तो ताणून बसवायचा, टोकाला काटा जोडायचा, म्हणजे हवेत किती दमटपणा आहे ते काटा सांगतो. काटा इतका हळवा की जवळ जाऊन श्वास सोडला तरी हलतो. केस मात्र बारीक, पिंगट, कधीही न रंगवलेला लागतो. तो केसांचे टोप बनवणाऱ्याकडून जुडीने यायचा आणि वहिनी तो स्पिरिटमध्ये धुऊन तेलाचा अंशही ठेवत नसत.

सासऱ्यांचा एकच दंडक होता. ओळखीच्या माणसाचा केस यंत्रात घालायचा नाही. कारण त्यांनी कधी सांगितलं नाही आणि विचारायची कुणाची छाती नव्हती. घरच्या केसाला तेल असतं म्हणून म्हणत असतील, अशी वहिनींनी आपली समजूत करून घेतली होती.

यंत्र जुळवायची रीतही सासऱ्यांचीच. काचेच्या पेटीत वाटीभर ओलं मीठ ठेवायचं, यंत्र आत ठेवून झाकण घट्ट लावायचं आणि विसरून जायचं. ओल्या मिठाबरोबर कोंडलेली हवा नेहमी एकाच जागी येऊन थांबते. काटा पंच्याहत्तरवर यायला हवा आणि तिथून ढळता कामा नये. त्या जागेला घरात मिठाची खूण म्हणत. उघड्या हवेत काटा असा कधीच थांबत नाही, तो सतत इकडेतिकडे करत असतो.

वहिनींची एकुलती एक लेक पिंगी. केस पिंगट म्हणून पिंगी. तिला समुद्राकाठच्या मिठाच्या कारखान्यात नोकरी लागली. एका कुंडीतून दुसऱ्या कुंडीत खारं पाणी सोडण्याआधी ते किती जड झालं हे मोजायचं काम. काकाने स्वतः फुगवलेला हायड्रोमीटर ती रुमालात गुंडाळून घेऊन गेली. नोकरीच्या अर्जात घरचा नंबर म्हणून दुकानामागच्या खोलीतल्या जुन्या फोनचा नंबर दिला. ती गेली आणि घर खायला उठलं. न्हाणीघरात तिचा कंगवा तसाच राहिला होता, केसांच्या गुंतवळासकट. वहिनी रोज तो पाहायच्या आणि रोज ठेवून द्यायच्या.

मग वाद्यांच्या दुकानाचं तातडीचं काम आलं आणि नेमकी केसांची जुडी संपलेली होती. वहिनींनी कंगव्यातले केस सोडवले, धुतले, बसवले. दंडक आठवला नाही असं नाही. पण सासरे जाऊन जमाना झाला होता, आणि लेकीचा केस हातात धरताना बरंही वाटलं होतं.

यंत्र काही केल्या जुळेना. भिंतीवरची ओल्या-कोरड्या तापमापकांची जोडी हवा कोरडी असल्याचं सांगत होती आणि हा काटा नव्वदीपलीकडे जाऊन बसला होता. मिठाच्या पेटीत ठेवलं तरी तिथंच.

"हात बसला नाही तुमचा," भाऊजी म्हणाले. "काय, वय झालं का आता?"

"तुमच्याहून लहानच आहे," वहिनी म्हणाल्या, पण मनातून चरकल्या. त्यांनी वाद्यवाल्याला दुसरं यंत्र देऊन वाटेला लावलं आणि हे आपल्या फळीवर ठेवून दिलं.

संध्याकाळी पिंगीचा फोन आला. "आई, सकाळपासून इतकं धुकं आहे ना इथं, हातातलं दिसत नाही."

वहिनी फळीकडे बघत राहिल्या. दुसऱ्या दिवशी काटा खाली उतरला होता. पिंगी फोनवर म्हणाली, "आज वारा सुटलाय, ओठ फुटले माझे." रोज सकाळी काटा एकदम शंभराकडे धावायचा आणि थोड्या वेळाने परतायचा. ती तिची अंघोळीची वेळ होती.

हे खुळ्यासारखं आहे हे वहिनींना कळत होतं. त्या भाऊजींना काही बोलल्या नाहीत, कारण त्यांनी चार दिवस चिडवून भंडावलं असतं. पण त्यांना त्या काट्याची सवय झाली. सकाळी तो वर गेला की त्या मनाशी म्हणत, उठली वाटतं बाईसाहेब. एवढ्या मोठ्या यंत्रविद्येतलं हे एवढंसं कोडं सुटत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर ते सोडवायची त्यांना घाईही नव्हती.

एकदा पिंगी म्हणाली, "शेवटच्या कुंडीतलं पाणी इतकं जड असतं आई, बुडायचं म्हटलं तरी बुडता येत नाही. वरच ढकलतं. आणि पलीकडे जुन्या टाक्या आहेत, झाकणं ठोकून बसवलेल्या. आत ओलं मीठ तसंच पडून आहे म्हणतात. कुणी उघडतच नाही त्या."

"तू नको जाऊस तिकडे."

"मी कशाला जातेय?" पिंगी हसली.

त्यानंतर काही दिवसांनी, भर दुपारी, वहिनी एका यंत्राचा स्क्रू पिळत होत्या आणि फळीवरचा काटा वेडावाकडा नाचायला लागला. वर गेला, खाली आला, पुन्हा वर. मग हळूहळू सरकत पंच्याहत्तरवर आला आणि थांबला.

वहिनींनी काच पुसली. टिचकी मारली. काचेच्या फटीशी तोंड नेऊन श्वास सोडला. काटा हलला नाही.

त्यांनी तडक लेकीला फोन लावला. तिने लगेच उचलला.

"मी मजेत आहे. तुला काय झालं?"

"काही नाही. सहज."

"आई, मी घरी येतेय. कंटाळा आला इथं. आता कायमचीच येते."

वहिनींना हायसं वाटलं. फोन ठेवून त्या वळल्या, तर काटा मिठाच्या खुणेवर तसाच.

पिंगी आली. तोच चेहरा, तेच हसू, उंबऱ्याशी चपला भिरकावायची तीच सवय. वहिनींनी तिला कुशीत घेतलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. यंत्र बिघडलं, संपलं. जिवंत लेक पुढ्यात असताना काट्याचं काय एवढं? काकाने हायड्रोमीटर कुठं म्हणून विचारलं तर म्हणाली, "फुटला." काका हिरमुसले.

लहानपणापासून काकाची तपासणीची बरणी पिंगीच भरून द्यायची. नळाचं पाणी आणायचं, काकाने नवी नळी त्यात सोडायची आणि ती साध्या पाण्याच्या, म्हणजे एक आकड्याच्या रेघेवर उभी राहिली की शाबास म्हणायचं. तिने आल्या आल्या बरणी भरली. नळी बोटभर वर उचलली गेली.

"मीठ कालवलंस होय गं?" भाऊजी हसले. "अजून चेष्टा जात नाही!"

"नळाचंच आहे, काका."

भाऊजींनी पाणी ओतून स्वतः बरणी भरली. नळी बरोब्बर रेघेवर बसली. दुसऱ्या दिवशी पिंगीने भरली आणि नळी पुन्हा वर आली. भाऊजी पुन्हा हसले, पण या खेपेला जरा उशिरा. त्यानंतर ते बरणी स्वतःच भरायला लागले.

वहिनींच्या मनात निराळंच आलं होतं. ताजा केस मिळाला तर जुन्याशेजारी बसवून बघता येईल. एकदाचा संशय तरी फिटेल. पिंगी घरात असली की पूर्वी न्हाणीघराची मोरी तुंबायची, उशीवर केस, कपड्यांवर केस. आता कंगवा लख्ख होता. उशी लख्ख होती.

"ये, केस विंचरून देते."

"नको आई."

"अगं, लहानपणी मागे लागायचीस."

"नको म्हटलं ना," पिंगी गोड हसून म्हणाली आणि केसांवरून हात फिरवत आत गेली.

वहिनी फळीसमोर स्टूल ओढून बसल्या. आपल्याला झालंय तरी काय, हेच त्यांना कळेना. पोटच्या पोरीवर संशय घ्यायचा आणि एका केसावर विश्वास ठेवायचा? पण तो केसही तिचाच होता. यातलं एक खोटं असलं पाहिजे. यंत्र खोटं ठरावं म्हणून त्या मनापासून विनवणी करत होत्या, आणि उभ्या आयुष्यात त्यांनी स्वतः बसवलेलं एकही यंत्र खोटं निघालं नव्हतं.

शेवटी त्यांनी ठरवलं, उद्या सकाळी कारखान्यात फोन करायचा. सरळ विचारायचं. काय विचारायचं ते मात्र सुचत नव्हतं.

सकाळ झाली. बाहेर लख्ख ऊन होतं. भाऊजी पुढच्या खोलीत ज्योत पेटवून बसले होते. स्वयंपाकघरात पिंगी भांडी लावत होती. वहिनी हात पुसत उठल्या आणि फळीसमोर थबकल्या.

काटा हलला होता.

तो पंच्याहत्तरवरून सुटला आणि झर्रकन खाली आला, पेटीचं झाकण काढल्यावर येतो तसा. बाहेरची हवा आत शिरल्यावर येतो तसा.

मग तो थोडा वर गेला. खाली आला. थोडा वर. खाली. संथ, एका लयीत.

वहिनींनी स्वतःचा श्वास रोखून धरला. काटा तसाच वरखाली होत राहिला.

मागच्या खोलीत फोन वाजला.

त्या धावल्या, पण दारातच थांबल्या. पिंगीने फोन उचललेला होता.

"हो, हाच नंबर," ती म्हणाली. मग बराच वेळ ऐकत राहिली. "हो. मी तिची आईच बोलतेय."

आवाज वहिनींचा होता.

पुढच्या खोलीतून भाऊजींनी हाक मारली, "वहिनी, कुणाचा फोन आहे?"

वहिनींनी ओरडायला तोंड उघडलं. जीव खाऊन ओरडायचं होतं, मी आहे तिची आई, मी इथं आहे. जिभेवर मीठ आलं होतं. आवाज फुटला नाही.

पिंगी त्यांच्याकडे बघत होती. मायेने.

"नाही, तुमची काहीतरी गफलत होतेय," ती फोनमध्ये म्हणाली. "आमची मुलगी घरीच आहे. समोर उभी आहे माझ्या. तुम्ही ते टाकीचं झाकण लावून टाका."

तिने फोन ठेवला.

"राँग नंबर होता, काका," आता ती स्वतःच्या आवाजात म्हणाली आणि स्वयंपाकघरात परत गेली. भांड्यांचा आवाज पुन्हा सुरू झाला.

वहिनी भिंतीला धरून फळीपाशी आल्या. काटा अजून वरखाली होत होता, आता घाईघाईने. मग तो चढू लागला, सावकाश, आणि पंच्याहत्तरवर येऊन उभा राहिला.